आरशावरचा गणपती

मोटार चालवायची कशी, हे आमच्या घराण्यात दुसऱ्या नंबरला मला आलं, आणि तेही पलंगावर मांडी घालून.

माझा नवरा तेव्हा जालन्यात वकिली करत होता. कोर्टात उर्दू, घरात मराठी आणि अशिलांशी दोन्हीची खिचडी. नव्या जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, आमच्या दोन खोल्या होत्या. केदारखेड्याला सासरे शेती बघत. त्यांनी एका सरकीच्या व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली आणि निरोप धाडला की चालवायला मुलानंच शिकावं, परका माणूस घरात नको. मग कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या ड्रायव्हरनं नवऱ्याला स्टेशनमागच्या मैदानात शिकवायला सुरुवात केली.

रोज संध्याकाळी तो धडा घरी पुन्हा व्हायचा. नवरा स्टुलावर बसायचा, सुकाणू म्हणून हातात जेवणाचं ताट धरायचा आणि पाय जमिनीवर आपटायचा. डावा क्लच, उजवा ब्रेक. मी समोर पलंगावर. मला वाटेत येणाऱ्या सगळ्यांची कामं करायची असत. मी कधी कापसाची गाडी व्हायचे, कधी तहसीलदाराचा टांगा, कधी ऐकू न येणारी म्हातारी. शेळ्यांचा कळप तर मी फारच चांगला करत असे. एकदा नवऱ्यानं शेळ्या वाचवण्यासाठी ताट इतकं गर्रकन फिरवलं की ते हातातून सुटून खिडकीतून गल्लीत गेलं, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आमचं भांडण झालं असं चार घरांत सांगितलं.

पण शिकवण पक्की होती. कडेपासून हातभर आत राहायचं. पुढच्या चाकाकडे बघायचं नाही, जिथं जायचं तिथं बघायचं. उतार आला की पहिला गिअर टाकायचा आणि मोटार इंजिनाला धरू द्यायची. ब्रेकवर उभं राहिलं तर चाकं जागच्या जागी धरली जातात, मोटार घसरत जाते आणि मग सुकाणू कितीही फिरवलं तरी ती ऐकत नाही. आणि मागं काय चाललंय ते सारखं आरशात बघायचं. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ झालं.

आता त्या आरशाचं काय झालं ते सांगते.

मोटार केदारखेड्याला गेली त्या दिवशी तिची पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली, समोर नारळ फुटला. मग मामाजी, म्हणजे माझे सासरे, एकेका जागेवर बसून मोटार तपासू लागले. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या आत्यांना, मागं बसवलं होतं. सासूबाई गेल्यापासून घर आत्याच बघत. मामाजी ड्रायव्हरच्या जागी बसले, वर आरशात बघितलं आणि त्यात त्यांना आत्या दिसल्या. चांगल्या समोरासमोर, नाकातल्या नथीसकट.

मामाजी तडक खाली उतरले.

आमच्या घरी बायका परक्या पुरुषांसमोर येत नसत. मोटारीच्या खिडक्यांना पडदे शिवले होते, पुढच्या आणि मागच्या जागेच्या मधेही एक पडदा होता. आणि इतकं करून तो टीचभर आरसा पडद्याच्या वरून सगळं दाखवत होता. आज मुलगा चालवेल, उद्या कुणी नोकर ठेवावा लागला तर? दुसऱ्या दिवशी मामाजी राजूरला गेले, देवळापुढच्या दुकानातून गणपतीची छापील तसबीर आणली आणि कणकेची खळ लावून आरशावर चिकटवली. ती इतकी बरोबर बसली की जणू आरसा त्याचसाठी केला होता. नवऱ्यानं भीत भीत सांगितलं, दादा, तो मागचं बघायला असतो. मामाजी म्हणाले, "मागचं बघायला देव हाय. तू पुढचं बघ."

या घरातला आणखी एक रिवाज इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मी मामाजींसमोर बोलत नसे. भांडण नव्हतं, राग नव्हता. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, एवढंच. मला काही सांगायचं असलं की मी आत्यांना सांगायची, आत्या मामाजींना. मामाजींसमोर नवरा-बायकोनंही एकमेकांशी बोलायचं नाही. म्हणजे जेवायला आम्ही चार माणसं, आणि बोलणार एकट्या आत्या. त्यांना हे काम फार आवडायचं. निरोप सांगताना त्या त्यात पदरचं मीठ-मसाला घालत, आणि कधी कधी मूळ निरोपच विसरत.

माझं पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, कारण माहेरी आई नव्हती. मार्गशीर्षात नवरा मोटार घेऊन चार दिवस गावी आलेला होता आणि मी त्याच्याही आधीपासून केदारखेड्यालाच होते. एका पहाटे कळा सुरू झाल्या. गावची सुईण आली. बाई मोठी धीराची, घरात शिरताना हसत यायची आणि हसतच जायची. तिनं पोटावर हात फिरवला, पुन्हा फिरवला, एका बाजूला दाबून बघितलं, आणि तिचं हसू गेलं. ते हसू जाताना मी बघितलं. त्या आधी आणि त्या नंतर मला इतकी भीती कधी वाटली नाही.

ती आत्यांना बाजूला घेऊन बोलली, पण घर लहान होतं. "आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई हे. जालन्याला डॉक्टरणीकडं न्या, जल्दी न्या. पाणी फुटायच्या आत न्या."

आडवं मूल म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या मागच्या आळीतली एक बाई त्यातच गेली होती. तिला बैलगाडीतून नेत होते, आणि गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली. ती गाडी परत येताना मी दारातून बघितली होती. बैल सावकाश चालत होते, कारण आता घाई नव्हती.

तर मोटार काढली. नवरा पुढं सुकाणूवर, शेजारी मामाजी, मागं आत्या आणि मी. आडवं झोपवून बघितलं, जमेना. बसून बघितलं, जमेना. शेवटी मी सीटवर गुडघे टेकून उलटी बसले, पाठीच्या गादीला दोन्ही हातांनी मिठी मारून. तसं बसलं की कळ थोडी सोसायची. माझं तोंड मागच्या छोट्या काचेकडे होतं. सगळे पुढं बघत जालन्याला निघाले, मी एकटी मागं बघत निघाले. काचेतून घर लहान होत गेलं, अंगणात उभी असलेली सुईण लहान होत गेली. तिनं हात जोडले होते. कुणाला, ते कळलं नाही.

गावाबाहेर पडलो आणि चाकोरी लागली. काळ्या रानातून जाणारा तो रस्ता. पावसाळ्यात बैलगाड्यांनी केलेले दोन खोल चर, मार्गशीर्षात वाळून विटेसारखे कडक झालेले. बैलगाडीची चाकं त्यात बरोबर बसतात. मोटारीची बसत नाहीत. एक चाक चरात घातलं तर दुसरं उंचवट्यावर चढतं आणि पोट खाली घासतं. ड्रायव्हरनं शिकवलं होतं तसं नवऱ्यानं एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेच्या गवतावर ठेवलं. मोटार तिरपी झाली, पण पोट मोकळं राहिलं.

मामाजींना ते सहन होईना. त्यांचा जन्म चाकोरीत गेला होता. चाकोरी सोडली की गाडी रुतली, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. ते म्हणाले, चाकोरीत घाल. नवरा म्हणाला, घालतो, आणि घातली नाही. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले. नवऱ्याची मान मागून लाल झालेली मी पडद्याच्या फटीतून, खांद्यावरून मान वळवून बघितली. मला सांगायचं होतं, तुम्ही बरोबर करताय, असंच चालवा. पण ते मी कुणाला सांगणार? आत्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मामाजींना सांगितलं असतं की सून म्हणते तुमचं चुकतंय. मी गादी आणखी घट्ट धरली.

आणि मग नदीचा उतार आला.

तेव्हा तिथं पूल नव्हता. काठ फोडून खाली पाण्यापर्यंत उतार काढला होता, अरुंद, एका गाडीपुरता. उजव्या बाजूला दरड, माणसापेक्षा उंच. डाव्या बाजूला काही नाही. डावीकडे खाली डोह होता, हिरवा, शांत, म्हशीसुद्धा जिथं उतरत नाहीत असा. पहाटेच्या दवानं उतारावरची माती ओली होती. मळलेल्या कणकेसारखी.

भरलेली बैलगाडी त्या उतारावरून उतरवायची असली की गावची माणसं गाडीला मागून दोर बांधत आणि वरून ताणून धरत, म्हणजे भार बैलांच्या मानेवर जात नाही. हा तिथला नेहमीचा रिवाज. मामाजींनी आधीच गडी पाठवून ठेवले होते. ते दोर घेऊन उभेच होते. नवरा म्हणाला, दादा, मोटारीला दोर लागत न्हाई, तिला गिअर असतो. मामाजी म्हणाले, "पोटुशी बाई हाय आत. गिअरचं मला सांगू नको." ते भ्याले होते. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटं एकसारखी धोतराच्या निऱ्या चुरगळत होती.

दोर बांधला. मागच्या बाजूला मधोमध जादा चाक टांगलेलं होतं, म्हणून तो एका टोकाला, उजव्या कोपऱ्याला बांधला. आणि गडी नेहमीसारखे उजवीकडच्या दरडीवर चढून उभे राहिले, कारण ओल्या उतारावर पाय ठरत नव्हता. बैलगाडीला हे चालतं. दोर कुठूनही ओढला तरी बैल तोंड सरळ धरून चालतात. मोटारीचं तोंड धरायला पुढं कुणी नसतं.

आम्ही उतरायला लागलो. पहिले काही हात नीट गेले. मग गड्यांनी दोर ताणला आणि मोटारीचं शेपूट उजवीकडं, दरडीकडं ओढलं गेलं. म्हणजे तोंड डावीकडं वळलं. डोहाकडं.

नवऱ्यानं सुकाणू उजवीकडं फिरवलं. पण शेपूट ओढणारं कुणीतरी आहे हे त्याला दिसतच नव्हतं. आरशात गणपती बसला होता. त्याला वाटलं मोटार घसरतेय. घाबरून तो ब्रेकवर उभा राहिला. चाकं धरली गेली आणि आता ती खरोखरच घसरायला लागली. मामाजींना वाटलं मोटार पळतेय. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, ओढा, ताणून ओढा. गड्यांनी आणखी ताणलं. जितकं ओढत तितकं आमचं तोंड डोहाकडं.

आणि हे सगळं त्या मोटारीत एकालाच दिसत होतं. जी उलटी बसली होती तिला. मागच्या काचेत मला तो दोर दिसत होता, तिरपा, तारेसारखा ताणलेला. दरडीवर पाय रोवून मागं झुकलेली ती भली माणसं दिसत होती. जीव तोडून आम्हाला वाचवत होती आणि पाण्यात घालत होती.

मी आत्यांना म्हणाले, आत्या, दोर सोडायला सांगा. आत्या डोळे मिटून राजूरच्या गणपतीला काहीतरी कबूल करत होत्या. मी त्यांचा दंड धरून हलवला. त्यांनी डोळे उघडले, खिडकीचा पडदा जरासा सारला, खाली डोह बघितला आणि पुन्हा मिटले. मी पुन्हा हलवलं. मग त्या पुढच्या पडद्याला तोंड लावून म्हणाल्या, "अरे, ती काहीतरी म्हणून राह्यली."

मामाजींनी विचारलं, "काय म्हणती?"

"दोराचं म्हणती."

"दोर बळकट हाय म्हणावं. नवा हाय. भिऊ नको म्हणावं."

आत्या माझ्याकडं वळल्या आणि मोठ्या मायेनं म्हणाल्या, "दोर बळकट हाय म्हणतो. नवा हाय."

तेवढ्यात डावं पुढचं चाक कडेवर आलं. ते मला दिसलं नाही, पण जाणवलं. मोटारीचा तो कोपरा हलका झाला, पायरी चुकावी तसा. कडेची मातीची ढेकळं सुटून पाण्यात पडल्याचा आवाज आला. मोठा नव्हता. डुबुक, डुबुक. त्याच वेळी कळ आली, आणि पोटात आडवं पडलेलं ते पोर अंग वळवून सरकल्यासारखं झालं. मला ती मागच्या आळीतली गाडी आठवली. सावकाश परत येणारी.

मी पडद्याच्या वरच्या कडेवर हात ठेवला आणि तो ओढून खाली पाडला. दोरीसकट.

"मामाजी, दोर सोडायला सांगा. दोरच तोंड फिरवतोय."

मामाजी वळून माझ्याकडं बघत राहिले. माझ्या तोंडावर पदर नव्हता, केस सुटले होते, आणि मी त्यांच्याकडं पाठ करून, मान वळवून बोलत होते. सुनेचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं, आता ते रागावणार, आणि ते रागावून होईस्तोवर आम्ही पाण्यात.

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागच्या काचेत बघितलं. त्यांना दोर दिसला.

ते बैल जुंपत म्हातारे झालेले माणूस. कुठली ओढ कुठल्या चाकाला जाते, ते त्यांना एका नजरेत कळलं. खिडकीतून त्यांनी असा आवाज दिला की नदीपलीकडची माणसं उठून उभी राहिली. सोडा. गड्यांनी सोडला. दोर सापासारखा उतारावर पडला.

मोटारीला धक्का बसला, ती पुढं जाऊ लागली. नवरा अजून ब्रेकवरच उभा होता. मी पुढं वळून त्याच्या मानेशी, अगदी कानाशी बोलले, पलंगावर बसून रोज बोलायची तसंच. ब्रेक सोडा. इंजिनाला धरू द्या. पाण्याकडं बघू नका, उतार जिथं संपतो तिथं बघा. ताट उजवीकडं, थोडं, थोडं. हो, मी ताटच म्हणाले.

त्यानं पाय उचलला. चाकं पुन्हा फिरू लागली, आणि फिरू लागली म्हणून ऐकू लागली. तोंड हळूहळू दरडीकडं आलं, मग सरळ झालं. इंजिन घुं घुं करत आम्हाला खाली घेऊन गेलं. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत होतं. पलीकडच्या काठावर बैल तयार होते, ते जुंपून मोटार वर ओढली. त्या वेळी दोर पुढं, मधोमध बांधा, असं मामाजींनी स्वतः उतरून, वाकून सांगितलं.

वर आल्यावर ते पुन्हा जागेवर बसले. मामाजींनी हात वर केला आणि नखानं आरशावरच्या तसबिरीचा कोपरा उचकटला. खळ चांगली घट्ट होती, कागद तुकड्या-तुकड्यांनी निघाला. मोठा तुकडा त्यांनी कपाळाला लावला आणि मान न वळवता मागं धरला. मी तो घेतला.

"सूनबाई," ते पुढच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "मागं काय दिसतं?"

माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

मी सांगितलं, रस्ता मोकळा आहे. मग राजूरपर्यंत मी सांगत गेले. मागून टांगा येतोय, आता वळला. कुत्रं होतं, गेलं. कळ आली की मी थांबायची, ते तेवढा वेळ गप्प राहायचे आणि कळ ओसरली की विचारायचे, "मंग?" आरसा मोकळा होता, नवऱ्याला आता दिसत होतं, माझी काही गरज नव्हती. हे तिघांनाही माहीत होतं. पण विचारणं थांबलं असतं तर मागच्या सीटवर मी आणि माझी भीती दोघीच उरलो असतो. राजूरला देवळापाशी मोटार थांबली नाही. मामाजींनी चालत्या मोटारीतून हात जोडले, आणि आत्यांनी, कबूल केलेलं नंतर फेडू, असं देवाला मोठ्यानं सांगून टाकलं.

जालन्यात नवऱ्याच्या हातून दवाखान्याचा बोळ चुकला. मोटार पुढं निघून गेली आणि मागं घ्यावी लागली. बोळात भाजीच्या गाड्या, एक गाय, बघायला जमलेली माणसं. आरशात नवऱ्याला नुसती गाय दिसत होती. मी मागच्या काचेतून सांगत होते, या, या, उजवीकडं घ्या, गाय हलली, या, बस. एक पानवाला माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत होता. बाळंतीण होऊ घातलेली, मोकळ्या केसांची बाई मोटार मागं घेतेय, आणि पुढं बसलेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तिचं प्रत्येक वाक्य ड्रायव्हरला पुन्हा ऐकवतायत.

डॉक्टरीण थंड हातांची होती. तिनं माझ्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले आणि सावकाश, दाबून, थांबून, पुन्हा दाबून पोराचं डोकं खाली वळवलं. मला वाटलं, हे तर मी आज एकदा बघितलंय. ती म्हणाली, थोडा उशीर झाला असता तर वळलं नसतं. मुठीत मी काय घट्ट धरलंय, असं तिनं विचारलं. उघडून बघितलं तर खळ आणि घाम यांत लगदा झालेला गणपती. तो तिनं काढून घेतला नाही. दुपारी मुलगी झाली. रडली. तिचं रडणं ऐकून बाहेर मामाजी भिंतीला टेकून खाली बसले, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं.

घरी गेल्यावर रिवाज पुन्हा सुरू झाला. मामाजी माझ्याशी बोलत नसत, मी त्यांच्याशी बोलत नसे, आत्या निरोप आणत आणि वाटेत विसरत. पडदाही पुन्हा शिवला गेला. फक्त मोटारीत बसलो आणि ती मागं घ्यायची वेळ आली की मामाजी पुढून हाक मारायचे, "सूनबाई, मागं काय?" मी सांगायची. आरसा होता, तरी विचारायचे. त्या आरशाच्या कोपऱ्यात सोंडेचा एक तुकडा राहून गेला होता. तो कुणी खरवडला नाही. नवऱ्याला मागचं सगळं जग त्या सोंडेच्या बाजूनं बघावं लागायचं.

ती मोटार केव्हाच गेली. नदीचा तो उतार मात्र अजून माझ्या अंगात आहे. कुठल्याही गाडीत बसले आणि रस्ता खाली जायला लागला, की मी आधी वळून मागं बघते, कुणी ओढत तर नाही ना.